कॅमेरा सेन्सरचा क्लॉक डिव्हाइस ट्रीमध्ये कुठे आणि कसा लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे (डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डवर काय कसं जोडलंय हे लिनक्स कर्नलला सांगणारी फाइल, आणि नोड म्हणजे तिच्यातली एका उपकरणाची नोंद). बोर्डवर सोनीचा आयएमएक्स२१९ सेन्सर दोन लेनवर (डेटाच्या तारांच्या दोन जोड्यांवर) जोडलेला आहे. तयार मॉड्यूलवर २४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर असतो. तो काढून टाकून क्लॉक आता एनएक्सपीच्या आय.एमएक्स ८एम प्लस या प्रोसेसरच्या क्लॉक-आउट पिनवरून दिला आहे. तेव्हापासून ड्रायव्हर प्रोबमध्येच (सेन्सर ओळखून सुरू करण्याच्या टप्प्यातच) 'ही फ्रिक्वेन्सी चालत नाही' म्हणून उणे २२ (अवैध किंमत) परत करतो. मग २४ मेगाहर्ट्झ हा आकडा लिहायचा कुठे? सेन्सरच्या नोडमध्ये 'क्लॉक-फ्रिक्वेन्सी' म्हणून, 'असाइन्ड-क्लॉक-रेट्स'मध्ये, की ड्रायव्हरमध्येच सेट-रेटची (क्लॉकचा वेग मागणारी) एक ओळ घालून? आणि 'लिंक-फ्रिक्वेन्सीज'मध्ये ९१२ मेगाहर्ट्झ लिहिले तर तेही का नाकारले जातात?

आधी उत्तर, मग कारणं. आकडा 'असाइन्ड-क्लॉक-रेट्स'मध्ये लिहा, त्याच्या जोडीला 'असाइन्ड-क्लॉक-पेरेंट्स' (क्लॉक कोणत्या पालक स्रोतावरून घ्यायचा ते) नक्की लिहा आणि लिंकसाठी ९१२ नव्हे, ४५६ मेगाहर्ट्झ लिहा. ड्रायव्हरला हात लावू नका. तुमच्या बाबतीत ड्रायव्हरचं म्हणणं बरोबर आहे.

सेन्सरच्या पोटात क्लॉकची स्वतःची एक व्यवस्था असते: एखाद-दुसरा पीएलएल (क्लॉकला गुणून वेगवान करणारं सर्किट) आणि बरेच भाजक. ती पूर्ण ठरवायला बाहेरून फक्त दोन आकडे लागतात. एक म्हणजे सेन्सरला येणारा क्लॉक, दुसरा म्हणजे सीएसआय लिंकची (सेन्सरकडून प्रोसेसरकडे चित्र नेणाऱ्या जोडणीची) फ्रिक्वेन्सी. पिक्सेल रेट, फ्रेम रेट, एक्स्पोजरची एका ओळीची वेळ हे सगळं त्या दोनांतून निघतं. हे दोन्ही आकडे बोर्ड बनवणाऱ्याने ठरवायचे असतात, ड्रायव्हर लिहिणाऱ्याने नाही.

आयएमएक्स२१९चंच गणित करून बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. आत येणारे २४ मेगाहर्ट्झ आधी ३ने भागले जातात, उरले ८. पिक्सेलच्या बाजूच्या पीएलएलचा गुणक ५७, म्हणून ४५६. त्याला ५ने भागलं की ९१.२. सेन्सर एका ठोक्याला दोन पिक्सेल वाचतो, म्हणून पिक्सेल रेट सेकंदाला १८.२४ कोटी. लिंकच्या बाजूच्या पीएलएलचा गुणक ११४ आहे. ८ गुणिले ११४ म्हणजे दर लेनला सेकंदाला ९१२ मेगाबिट. दोन लेनचे १,८२४ मेगाबिट, दहा बिटांचा एक पिक्सेल, पुन्हा १८.२४ कोटीच. दोन्ही बाजू जुळल्या.

हे ३, ५७, ५ आणि ११४ ड्रायव्हरमधल्या रजिस्टरांच्या यादीत थेट लिहून ठेवलेले आहेत. ड्रायव्हर ते मोजून काढत नाही. शिवाय 'बाहेरचा क्लॉक २४ आहे' हे सेन्सरला सांगणारं वेगळं रजिस्टर आहे आणि त्यातही २४ गुणिले २५६ हीच किंमत जाते. म्हणून तो ड्रायव्हर २४ मेगाहर्ट्झशिवाय दुसरं काही स्वीकारत नाही, आणि तुलना काटेकोर आहे: २,४०,००,००० म्हणजे २,४०,००,०००. सगळेच ड्रायव्हर असे नाहीत. मिपी संस्थेच्या कॅमेरा कमांड सेट मानकाचा कर्नलमधला ड्रायव्हर येणारा क्लॉक आणि लिंक यांवरून पीएलएलचे आकडे स्वतः काढतो. पण बाजारातले बहुतेक सेन्सर कंपनीकडून आलेल्या रजिस्टरांच्या याद्यांवरच चालतात, आणि यादी एका ठरावीक क्लॉकसाठीच खरी असते.

आता समजा त्या पिनवर २४ऐवजी २५ मेगाहर्ट्झ आले. इथरनेटमुळे २५चा क्रिस्टल बऱ्याच बोर्डांवर असतोच, आणि 'आहे तोच वापरू' हा मोह कुणालाही होतो. ड्रायव्हरला खोटं सांगून ते चालवलं तर सेन्सर बंद पडत नाही. लेनवर ९१२ऐवजी ९५० मेगाबिट येतात. १०८० रेषांच्या मोडमध्ये ओळीची लांबी ३,४४८ पिक्सेल आणि फ्रेमची उंची १,७६३ ओळी असते (रिकाम्या ओळी धरून), त्यातून सेकंदाला ३० फ्रेम निघायला हव्यात, निघतात ३१.२५. एक्स्पोजर सांगितल्यापेक्षा ४ टक्के कमी भरतं. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली पट्टे दिसू नयेत म्हणून केलेला हिशोब चुकतो. रिसीव्हरची वेळेची गणितं ४५६ धरून बसवलेली असतात, त्यामुळे चित्र कधी येतं, कधी तापमान बदललं की सीआरसीच्या (डेटा तपासणीच्या) चुका सुरू होतात. असा दोष शोधायला फार वेळ जातो, कारण कर्नलच्या लॉगमध्ये सगळं आलबेल दिसतं.

'असाइन्ड-क्लॉक्स' ही तिकडी (कोणता क्लॉक, त्याचा पालक कोण, रेट किती) सेन्सरच्या नोडमध्ये लिहिली की आय-टू-सी बसचा (सेन्सरला आदेश नेणाऱ्या तारांचा) कर्नलमधला गाभा सेन्सरच्या प्रोबच्या आधीच ती अमलात आणतो. ड्रायव्हरने फक्त गेट-रेट करून आकडा विचारायचा आणि तो चालतो की नाही ते बघायचं. हीच कर्नलच्या कागदपत्रांत सांगितलेली पसंतीची पद्धत आहे, आणि 'याखेरीज दुसरी कोणतीही फ्रिक्वेन्सी वापरू नये' असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. कारण व्यवहाराचं आहे. हा क्लॉक चिपबाहेर पडून बोर्डभर, कधी लांब पट्टीच्या केबलवरून फिरतो. त्याचे गुणज जवळच्या जीपीएसच्या किंवा मोडेमच्या पट्ट्यात पडले तर तिथलं ग्रहण खालावतं. बोर्डाची रेडिओ चाचणी एका फ्रिक्वेन्सीवर उत्तीर्ण झालेली असते. ड्रायव्हरने मनाने दुसरी निवडली तर त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

आता तुमचं नेमकं दुखणं. नोडमध्ये तुम्ही 'क्लॉक्स' लिहिलंय, पण पालक लिहिलेला नाही. मग क्लॉक-आउट शाखा बूटलोडरने जिथे सोडली तिथेच राहते. तुमच्या क्लॉक समरीत (कर्नल दाखवतो त्या सगळ्या क्लॉकच्या यादीत) ती ४०० मेगाहर्ट्झच्या शाखेवर दिसते. ४००ला पूर्णांकाने भागून २४ कधीच येत नाहीत: १६ने २५ येतात, १७ने २३.५३. आणि इथेच खरा सापळा आहे. सेट-रेटने मागितलेला आकडा जमत नसेल तर कर्नलची क्लॉक चौकट चूक परत करत नाही. जवळचा जमेल तो आकडा लावते आणि यशस्वी झालं म्हणून सांगते. 'असाइन्ड-क्लॉक-रेट्स' आतून तेच करतं. म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये २४ लिहूनही पिनवर २३.५३ असू शकतात आणि लॉगमध्ये एक अक्षर नसतं. ड्रायव्हरमध्ये सेट-रेटची ओळ घालूनही नेमकं हेच झालं असतं. पालक म्हणून २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल नेमा, भाजक १ होईल, आकडा बिनचूक येईल. एनएक्सपीच्याच ८एम मिनीच्या मूल्यांकन बोर्डाची कर्नलमधली डिव्हाइस ट्री उघडा. तिथे ओव्ही५६४० सेन्सर याच पद्धतीने जोडलाय: क्लॉक-आउट १, पालक २४ मेगाहर्ट्झ, रेट २,४०,००,०००.

सेन्सर वेगळा असता तर हे इतकं सरळ नसतं. सोनीच्या आयएमएक्स२९०ला ३७.१२५ किंवा ७४.२५ मेगाहर्ट्झ लागतात. दूरचित्रवाणीच्या पिक्सेल क्लॉकमधून आलेले हे आकडे आहेत. २४च्या क्रिस्टलला भागून ते कसे मिळणार? ५९४ मेगाहर्ट्झचा पीएलएल असेल तर १६ने भागून ३७.१२५ मिळतात. ८एम प्लसवर व्हिडिओ पीएलएल बहुधा १,०३९.५वर ठेवलेला असतो; त्याला २८ने भागलं तरी ३७.१२५च येतात. कागदावर छान. पण तोच पीएलएल डिस्प्लेही वापरतो. डिस्प्लेच्या ड्रायव्हरने पॅनेलसाठी त्याचा रेट हलवला की सेन्सरचा क्लॉकही हलतो, आणि सेन्सरच्या ड्रायव्हरला याचा पत्ता नसतो, कारण त्याने प्रोबच्या वेळी विचारलं तेव्हा उत्तर बरोबर होतं. 'असाइन्ड' पद्धतीची ही उघड उणीव आहे आणि कर्नलची कागदपत्रंही ती कबूल करतात: दुसऱ्या कुणी रेट बदलणार नाही याची हमी यात नाही. माझं मत विचाराल तर अशा सेन्सरसाठी वेगळा ऑसिलेटर ठेवावा. काही रुपयांचा भाग आहे, आणि तो वाचवून पुढे डिस्प्ले व कॅमेरा अशा दोन टीम एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

ऑसिलेटर ठेवला तर त्याचा स्वतंत्र 'फिक्स्ड-क्लॉक' नोड लिहायचा, त्यात 'क्लॉक-फ्रिक्वेन्सी' द्यायची आणि सेन्सरच्या 'क्लॉक्स'ने त्याकडे बोट दाखवायचं. रास्पबेरी पायच्या कॅमेरा मॉड्यूलसाठी असंच करतात. 'क्लॉक-फ्रिक्वेन्सी'ची जागा तिथे, ऑसिलेटरच्या वर्णनात आहे. सेन्सरच्या नोडमध्ये ती काही जुन्या बाइंडिंग्जमध्ये (नोड कसा लिहायचा याच्या नियमांमध्ये) दिसते, पण नव्या कामात लिहू नका. एसीपीआयवाल्या (डिव्हाइस ट्रीऐवजी फर्मवेअरच्या तक्त्यांवर चालणाऱ्या) लॅपटॉपची गोष्ट निराळी. तिथे क्लॉक फर्मवेअर सांभाळतं, म्हणून ड्रायव्हर हा गुणधर्म वाचून त्यावर विश्वास ठेवतो. इंटेलच्या मंचांवर तो आकडा बऱ्याचदा १९.२ मेगाहर्ट्झ असतो. अलीकडच्या कर्नलमध्ये या दोन्ही वाटा एकाच मदतनीस फंक्शनमागे झाकल्या आहेत. नवा ड्रायव्हर लिहीत असाल तर तेच वापरा.

एक ताकीद. क्लॉक-आउट पिनवरून क्लॉक देत असूनही 'जमत नाही, फिक्स्ड-क्लॉक २४ लिहून टाकू' असं कुणी सुचवेल. ड्रायव्हर लगेच गप्प बसेल. पण मग खरा क्लॉक चालू कोण करणार? 'फिक्स्ड-क्लॉक'ला चालू-बंद नसतं. बूटलोडरने शाखा चालू सोडली असेल तोवर कॅमेरा चालेल, आणि कर्नलने वापरात नसलेले क्लॉक बंद केले की मेलेला दिसेल.

पिनचं मल्टिप्लेक्सिंगही (तिच्या अनेक कामांतलं कोणतं निवडलंय तेही) याच ओघात तपासा. ८एम प्लसवर क्लॉक-आउट २ ही पहिल्या जीपीआयओ गटातल्या १५ क्रमांकाच्या पिनवर येते. पिन-कंट्रोलमध्ये ती निवडली नसेल तर क्लॉक समरीत २४ मेगाहर्ट्झ चालू दिसतील आणि पिनवर काहीच नसेल. समरीतला आकडा कर्नलने हिशोबाने काढलेला असतो, मोजलेला नसतो. ऑसिलोस्कोप लावाच. लावलात की व्होल्टेजही बघा: या सेन्सरची डिजिटल बाजू १.८ व्होल्टची आहे, आणि तुमच्या जीपीआयओ गटाला ३.३ व्होल्ट जोडलेले असतील तर क्लॉक बरोबर असूनही पातळी चुकीची आहे.

आता लिंक. डी-फायवर (सीएसआयच्या नेहमीच्या विद्युत जोडणीवर) क्लॉकच्या दोन्ही कडांना डेटा जातो, म्हणून ९१२ मेगाबिटच्या लेनचा क्लॉक ४५६ मेगाहर्ट्झ. 'लिंक-फ्रिक्वेन्सीज'मध्ये हर्ट्झमधला हा क्लॉक लिहायचा असतो, बिट रेट नाही. डेटाशीटमध्ये मोठ्या अक्षरात बिट रेट छापलेला असतो, त्यामुळे निम्मे लोक तोच उतरवतात. पडताळायचं सूत्र सोपं आहे: लिंक गुणिले २ गुणिले लेनची संख्या, भागिले पिक्सेलचे बिट, म्हणजे पिक्सेल रेट. उत्तर १८.२४ कोटी आलं की बरोबर. सी-फाय (दुसऱ्या प्रकारची जोडणी) असेल तर २ऐवजी वेगळं गुणोत्तर लागतं, कारण तिथे ७ चिन्हांत १६ बिट जातात.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. हा गुणधर्म ६४ बिटांच्या आकड्यांची यादी आहे. ओळीच्या सुरुवातीला 'बिट्स ६४' हा निर्देश दिला नाही तर कंपायलर ३२ बिटांचा आकडा बसवतो, ड्रायव्हरला चार बाइट मिळतात आणि तो 'लिंक-फ्रिक्वेन्सी सापडलीच नाही' म्हणतो. समोर ओळ लिहिलेली दिसत असताना हा संदेश वाचून माणूस चक्रावतो. आणि ही यादी सेन्सरला काय जमतं याची नसून या बोर्डवर काय चालवायला परवानगी आहे याची आहे. ड्रायव्हर आपल्या यादीशी ती ताडतो आणि दोन्हींत असेल तेच वापरतो. म्हणून आयएमएक्स२९०सारख्या सेन्सरला दोन आकडे द्यावे लागतात: दोन लेनवर १०८० रेषांसाठी ४४.५५ कोटी आणि ७२० रेषांसाठी २९.७ कोटी हर्ट्झ. चार लेन असतील तर दोन्ही निम्मे.

नोडमधलं बाकीचं झपाट्याने. 'रेग'मध्ये सात बिटांचा आय-टू-सी पत्ता: आयएमएक्स२१९चा हेक्स १०. काही डेटाशीट आठ बिटांचा पत्ता देतात, ओव्ही५६४०चा हेक्स ७८ छापलेला असतो आणि लिहायचा असतो ३सी. 'डेटा-लेन्स' १पासून सुरू होतात, शून्य ही क्लॉकची लेन. दोन्ही टोकांचे 'रिमोट-एंडपॉइंट' एकमेकांकडे हवेत. वीजपुरवठे तिन्ही लिहा, ॲनालॉग २.८, डिजिटल १.८ आणि गाभ्याचा १.२ व्होल्ट. एखादा राहिला तर कर्नल त्याजागी नकली रेग्युलेटर देऊन पुढे जातो, एवढीशी सूचना छापून.

रिसेटच्या ध्रुवतेवर मात्र थांबायला हवं. रिसेट पिन खाली ओढल्यावर सेन्सर रिसेटमध्ये जात असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये 'ॲक्टिव्ह लो' लिहायचं आणि ड्रायव्हरने तर्काने १ म्हणजे 'रिसेट लागू' समजायचं, असा शिरस्ता आहे. ओव्ही५६४० तो पाळतो. आयएमएक्स२१९चा ड्रायव्हर पाळत नाही: तो चालू करताना पिनवर १ लिहितो, त्यामुळे तिथे 'ॲक्टिव्ह हाय' लिहावं लागतं. डिव्हाइस ट्री एकदा बाहेर पडली की तिच्याशी सुसंगत राहावं लागतं, म्हणून आता ते कुणी बदलणारही नाही. दुसऱ्या सेन्सरचा नोड चिकटवून घेतला असेल तर सगळ्यात आधी हे बघा.

क्रम असा: वीजपुरवठे, मग क्लॉक, मग रिसेट सोडणं, मग थोडं थांबणं (आयएमएक्स२१९चा ड्रायव्हर किमान ६.२ मिलिसेकंद थांबतो), मगच आय-टू-सीवर ओळख क्रमांक वाचणं. म्हणून बूट झाल्यावर आय-टू-सी बस धुंडाळून 'हेक्स १०वर काहीच दिसत नाही, सेन्सर जळाला' असा निष्कर्ष काढू नका. ड्रायव्हर बसला नसेल तर वीज आणि क्लॉक दोन्ही बंद असतात. सेन्सर उत्तर देईल कसा?

एनव्हिडियाच्या जेटसन बोर्डांवर काम केलेलं कुणी टीममध्ये असेल तर त्याला हे सगळं उलटं वाटेल. एनव्हिडियाच्या स्वतःच्या चौकटीत डिव्हाइस ट्रीमध्ये प्रत्येक मोडचा उपनोड असतो, आणि त्यात येणारा क्लॉक, पिक्सेल क्लॉक, ओळीची लांबी, गेनच्या मर्यादा हे सगळे आकडे अवतरणचिन्हांत, अक्षरमाला म्हणून लिहिलेले असतात. मोड हा सेन्सरचा गुण आहे, बोर्डाचा नाही, त्यामुळे मला ती रचना पटत नाही. एकाच गोष्टीचे दोन आकडे दोन ठिकाणी राहतात आणि रजिस्टरांची यादी बदलली की डिव्हाइस ट्रीमधला पिक्सेल क्लॉक शिळा होतो. पण त्या मंचावर कंपनीची कॅमेरा लायब्ररी तेच वाचते, तेव्हा तिथे तसंच लिहा. फक्त तो नोड उचलून मुख्य धारेच्या कर्नलमध्ये आणू नका. तिथे त्यातली एकही ओळ कुणी वाचत नाही.

बदल केल्यावर आधी बाइंडिंगची तपासणी चालवा, स्पेलिंगच्या चुका तिथेच सापडतात. बूट झाल्यावर चालू कर्नलमधली डिव्हाइस ट्री परत मजकुरात उतरवून बघा. बूटलोडरने दुसरीच फाइल उचललेली असते, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. मग क्लॉक समरीत पालक आणि रेट, व्हिडिओच्या नियंत्रणांच्या यादीत लिंक ४५.६ कोटी आणि पिक्सेल रेट १८.२४ कोटी. शेवटी १०८० रेषांच्या मोडमध्ये काहीशे फ्रेम घ्या आणि पहिल्या-शेवटच्या फ्रेमच्या वेळशिक्क्यांवरून रेट काढा. ३०च्या आसपास आला तर पिनवर खरोखर २४ मेगाहर्ट्झ आहेत. २९.४ आला तर शाखा अजून ४०० मेगाहर्ट्झवर आहे, १७ने भागली जातेय, आणि तुमच्या ड्रायव्हरमधली तुलना कुणीतरी आधीच काढून टाकलेली आहे.